दत्तरावांच्या गच्चीवरून

शुक्रवारी सकाळपासून माणिकरावांचा पाय घरात ठरत नव्हता. अंगणात जायचं, गच्चीकडे बघायचं, परत आत यायचं. सोमवारपासून सून अपेक्षा घरूनच काम करणार होती. पुण्याच्या कंपनीनं तसं मान्य केलं होतं, पण इंटरनेट दिवसभर न तुटता चाललं तरच. नाहीतर मुलगा-सून तीन वर्षांच्या नातीला घेऊन परत पुण्याला. गावी, झरीत आल्यापासून नात आजोबांच्या ताटातच जेवत होती. ती गेली तर आपल्याला घास गिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कनेक्शन जोडणाऱ्या भागवतनं आदल्या दिवशी दोन वाटा सांगितल्या होत्या. "एक तर गच्चीवर पेटी बसवतो, ती टावरवरून नेट घेती. न्हाईतर फायबरची तार. तार लय भरवशाची, पण खांबावरून दत्तरावांच्या गच्चीवरूनच आणावी लागती."

"पेटीच बसव," माणिकराव तडकाफडकी म्हणाले होते.

दत्तराव म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, घर गल्लीपलीकडे. माणिकरावांच्या मुलाच्या लग्नात दत्तरावांना मानाचा फेटा बांधायचा राहून गेला, तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. विसरले होते माणिकरावच. पण कबूल करायचं म्हटलं की या माणसाच्या जिभेला कुलूप लागायचं.

पेटी सकाळी झकास चालली. दुपारी लाईट गेली. घरात इन्व्हर्टर होता, टावरनं मात्र थोड्या वेळात मान टाकली. चाचणीसाठी लावलेल्या कॉलवर अपेक्षाच्या साहेबांचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडंच राहिलं.

"मामा, असं सोमवारी झालं तर मला जावंच लागंल," ती हळूच म्हणाली.

माणिकरावांनी टोपी घातली, काढली, परत घातली आणि गल्ली ओलांडली. दत्तराव ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"दादा, तुझ्या गच्चीवरून तार न्यायची हाय."

"ने की." दत्तरावांनी मान वर केली नाही. "पण एक सांग. नात जायची पाळी आली म्हणून आलास. न्हाईतर आला असतास का?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "न्हाई."

"मंजी आता तार तुटल्यावरच येशील."

शनिवारी तार आली. शिडी धरायला दत्तराव स्वतः उभे राहिले, पण बोलले फक्त भागवतशी.

सोमवारी दुपारी पुन्हा लाईट गेली. अपेक्षाचं काम सुरूच होतं. नात मांडीवर येऊन बसली, तरी माणिकरावांना चैन पडेना. मान वर केली की ती तार दिसायची. शेवटी नातीला कडेवर घेऊन ते पलीकडे गेले.

दत्तराव दचकलेच. "तार तुटली का?"

"न्हाई. चांगली चालायलीय." माणिकराव ओसरीवर टेकले. "फेटा मीच इसरलो होतो, दादा."

दत्तरावांनी शेंगांचं सूप मधे सरकवलं आणि पहिला सोललेला दाणा नातीच्या हातावर ठेवला.