मिस्ड म्हणजे काय?

मित्रांनो, माझ्या पाठीला तीनदा खळ लावून झाली आहे आणि पहिली सोळा पानं कुठं गेली ते मलाही ठाऊक नाही. तरी ओळख सांगायची तर मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. यंत्रांवरच्या सूचना समजाव्यात म्हणून एका फिटरने मला घरी आणलं. तो आणि त्याची बायको, म्हणजे आळीतल्या सगळ्यांच्या वहिनी, रोज माझ्यात एक नवा शब्द शोधत. माझे ते सुखाचे दिवस होते.

एका दुपारी रेडिओवर बातमी आली, सकाळची लाँच खाडीत बुडाली. फिटर तेव्हा परगावी कारखान्यावर होता आणि त्याच लाँचने पलीकडे कामाला जाणार होता. संध्याकाळी कारखान्यातून तार आली. तीनच इंग्रजी शब्द : ‘फिटर मिस्ड लाँच’.

शेजारच्या शिंपीकाकांनी ती वाचली आणि चष्मा काढला. “मिसिंग म्हणजे बेपत्ता, वहिनी. पेपरात फोटोखाली लिहितात ना, तेच.”

सासूबाईंनी देव पाण्यात घातले. वहिनींनी तार हातात घेतली. “काका, इथं मिसिंग नाही, मिस्ड आहे,” म्हणत त्यांनी मला फळीवरून ओढलं. त्या घाईत माझं एक पान फाटलं. मी हूं की चूं केलं नाही.

मिस. पहिला अर्थ, नेम चुकणे. दुसरा, एखाद्याची उणीव भासणे. तिथे त्यांचं बोट थांबलं आणि डोळे भरून आले. ‘बाई, अजून खाली बघा,’ असं मला सांगायचं होतं. पण शब्दकोशाला तोंड नसतं.

डोळे पुसून त्यांनी पुढचा अर्थ मोठ्याने वाचला, “गाडी, बोट इत्यादी चुकणे.”

“उशीर झाला की गाडी चुकते, तशी?” सासूबाईंनी विचारलं.

“तशीच, आई. ते लाँचमध्ये नव्हतेच.”

सासूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, “जन्मात कधी वेळेवर निघाला नाही मेला,” आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

“माझं इंग्रजी उसवलेलंच आहे, वहिनी,” शिंपीकाका पुटपुटले. त्यावर मात्र सगळेच हसले, रडत रडत.

दुसऱ्या दिवशी फिटर घरी आला. पाना कारखान्यातच विसरला म्हणून तो वाटेतून माघारी फिरला होता आणि तेवढ्यात लाँच सुटली होती. वहिनी त्याला एवढंच म्हणाल्या, “दुसरा अर्थही खराच होता.”

आता अर्थ फोनवर मिळतात आणि मी माळ्यावर असतो. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना वाळवीच्या स्वाधीन करू नका. वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि शब्द कितीही ओळखीचा वाटला, तरी पहिल्याच अर्थावर विसंबून कुणाला रडवू नका.