कुंकवाआडून पाहिलेला दसरा

मित्रांनो, बोरीतल्या एका घरी, कोनाड्यात देवांच्या शेजारी बसलेला मी एक जुना कॅमेरा आहे. वायर तुटली, त्यामुळे आता दिसत काही नाही. पण आठवतं सगळं. उदबत्तीचा वास दरवळला की आठवणी आपोआप तरंगत येतात.

कारखान्यात माझ्याबरोबर शेकडो भावंडं तयार झाली. कुणी बँकेत गेलं, कुणी शाळेत. माझ्या नशिबी आलं सरकारमान्य देशी दारूचं दुकान! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिथे कॅमेरा लावावाच लागतो. दार दिसलं पाहिजे, काउंटर दिसलं पाहिजे आणि चित्रण जपून ठेवलं पाहिजे, असं तपासणीचे साहेब मालक दिनकररावांना बजावून गेले होते. मग मला भिंतीवर ठोकलं.

काउंटरवर सटवाजी असायचा. पूर्वी तो आणि त्याची बायको धुरपदाबाई दरवर्षी ऊसतोडीला जात. ही नोकरी लागली, कोयता आढ्याला खोचला गेला आणि त्यांची लेक भक्ती गावातल्या शाळेत टिकली. कोवळ्या मिशांचं कुणी दारू मागायला आलं, की सटवाजी माझ्याकडे बोट दाखवायचा, "त्यो बगायलाय!" मला उगाच फौजदार झाल्यासारखं वाटायचं.

शटर पडलं, दिवे गेले, की माझे रंग जात. अंधारात मला सगळं राखाडी दिसे. रिकामी बाकं, भिंतीवरची पाल, सारं धुक्यात तरंगायचं. ती माझी स्वप्नांची वेळ. मला ती फार आवडायची.

एका वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आले. त्या दिवशी दारू विकायची नसते. मालक पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले आणि जाताना म्हणाले, "पूजा तेवढी करून घ्या." सटवाजीनं सकाळी अर्धं शटर उघडलं. धुरपदाबाईनं फ्रीजला, पंख्याला, कुलपालासुद्धा ओलं हळदकुंकू लावलं. मग खोक्यावर चढून माझ्याकडे आली. तिचं बोट मोठं मोठं होत गेलं आणि थेट माझ्या डोळ्यावर टेकलं.

काय सांगू मित्रांनो! सगळं जग पहाटेच्या आभाळासारखं लाल झालं. झेंडूची फुलं त्यात विरघळली. थोड्याच वेळात शटर पडलं आणि मी माझ्या राखाडी स्वप्नात शिरलो. चित्र दिसायचं मालकांच्या आतल्या खोलीत. तिकडे कुणी फिरकलं नाही, म्हणून माझा डोळा पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. कुणीतरी तक्रार केली होती, की दसऱ्याला भरदुपारी अर्धं शटर उघडून दारू विकली. साहेबांनी चित्रण लावलं. पडदा लाल! ते कडाडले, "मुद्दाम डोळा झाकला की काय?"

दिनकरराव हळूच म्हणाले, "सटवाजी, असं असंल तर मला तुला ठेवता यायचं न्हाई बाबा." बाहेर ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या होत्या. मी वर टांगलेला, सगळं जाणणारा आणि मुका. जीव नुसता तळमळला.

झाडलोट करणारी धुरपदाबाई पुढे आली. "सायेब, कुकू म्या लावलं. समद्या मशिनीला लावलं, ह्यालाच कसं सोडू? कपाळ कुटं अन् डोळा कुटं, कळलंच न्हाई बगा." मग ती पडद्यावर पुढे सरकणारं चित्रण पाहत राहिली. "पर आता लाल व्हतं, ते राखंवानी कसं झालं?"

सटवाजी एकदम म्हणाला, "अंधार पडला की ह्यो असंच दावतो, सायेब! आमी तवाच शटर पाडलं!"

साहेबांनी खात्री करायला शटर पाडायला लावलं, दिवे घालवले. त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचं त्या घडीचं लाल चित्र राखाडी झालं. दसऱ्याचं चित्र सकाळी नऊ वीसला राखाडी झालं होतं, ते थेट दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत. दुपारी शटर उघडलंच नव्हतं! साहेब पहिल्यांदा हसले. "बाई, पुढच्या वेळी कपाळ शोधा." धुरपदाबाई पदरात तोंड लपवून रडली. कोयता आढ्यालाच राहिला.

पुढे माझी वायर कुरतडली गेली. नवा कॅमेरा आला आणि मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. फार एकटं वाटलं. पण धुरपदाबाईनं पोतं उपसून मला घरी आणलं.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा; पण मधूनमधून त्यांच्यावरची धूळही पुसा. ती बोलत नाहीत, तरी कुणाच्या तरी बाजूनं उभी असतात.

आता दर दसऱ्याला धुरपदाबाई ओलं कुंकू घेऊन माझ्यापुढे बसते. तिचं बोट माझ्या आंधळ्या डोळ्यापाशी येऊन थांबतं. आधी ती पदरानं तो डोळा पुसते. मग बोट थोडं वर सरकवते आणि कुंकू कपाळाला लावते.