आबोलीच्या टाकीवरची ट्यूब

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. उशिरा डोकं चालणाऱ्या माणसाला तुम्ही जिच्या नावानं चिडवता ना, ती मीच. चार फुटांची, दोन्ही टोकांना काळवंडलेली जुनी ट्यूबलाइट. मालवणात धुरीवाड्यातल्या एका घराच्या माळ्यावर, सुपं-रोवळ्यांच्या शेजारी पडून असते. पेटायला मला वेळ लागायचा, हे कबूल. पण एका बाईचं अख्खं सुख मी उजळून ठेवलं होतं, हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार?

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून आम्हा बहिणींना ट्रकनं धाडलं. तळेऱ्याचा फाटा येईतो खड्ड्यांनी कितीजणींचा चुरा केला, विचारू नका! मी वाचले आणि मालवणच्या बाजारात बाबलीच्या दुकानात उभी राहिले. कुणाच्या लग्नाच्या मांडवात झळकावं, नाहीतर देवळाच्या सभामंडपात, अशी माझी मोठमोठी स्वप्नं. आणि नशिबी काय आलं? पाण्याची टाकी! खरं सांगते, मला रडूच आलं.

टाकी गुरुदासच्या घरातली. गुरुदास कचेरीत कारकून. त्याची बायको लीला बंदरावरच्या घरात वाढलेली, ओहोटी लागली की खडकांतून हिंडणारी. पण पंचविशीतच तिच्या काळजाची झडप बिघडली. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि बाई खिडकीशी बसून. ते गुरुदासला बघवेना. त्यानं काचेची टाकी करून घेतली, कॅनांतून समुद्राचं पाणी आणलं, दोन मासे आणले आणि खडकासकट एक समुद्रफूल आणलं. फूल कसलं, जिवंत प्राणीच तो, बोटांसारख्या पाकळ्या हलवणारा. रंगावरून लीलेनं त्याचं नाव ठेवलं आबोली.

टाकीवर आधी पिवळा बल्ब होता. त्यानं पाणी कोमट व्हायचं, आणि एक दिवस खाऱ्या पाण्याचा थेंब उडून तो ठॉप करून फुटला. गुरुदास बाबलीकडे धावला.

"गुरुदासानू, बल्ब नको," बाबली म्हणाला. "ही ट्यूब घेवन जावा. उजेड चांगलो, आणि पाणी तापाचां नाय."

बाबलीचं ज्ञान तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण समुद्र निळा दिसायला हवा म्हणून त्यानं माझ्याभोवती जत्रेतल्या रोषणाईचा निळा कागद गुंडाळून दिला. दिसायला टाकी झकास. आबोली मात्र दिवसेंदिवस फिकी पडली. शेवटी लीलाच म्हणाली, "तो कागद काढा बघू. तिका नाटकाचो पडदो कित्याक?" गुरुदासनं कागद काढला, मला वीतभर खाली घेतलं आणि थोड्या दिवसांत आबोलीचा रंग परतला. माईंनी, म्हणजे गुरुदासच्या आईनं, तेव्हा टाकीपुढे हात जोडले. "उजेडानच वाचली गो ही," त्या म्हणाल्या. हे वाक्य माईंच्या मनात घट्ट बसलं.

मग माझे सुखाचे दिवस आले. शेजारपाजारच्या बाया समुद्रफूल बघायला यायच्या. गुरुदास गोड्या पाण्याच्या फडक्यानं माझ्या पट्टीवरचं मीठ पुसायचा. सकाळी लीला मला लावायची आणि आबोली पाकळ्या पसरायची. रात्री जेवणं झाली की लीला स्वतः बटण बंद करायची, कारण समुद्रात रात्र होते तशी टाकीतही व्हायला हवी, हे तिला उपजत ठाऊक होतं. गुरुदासही ते जाणत होता. माई मात्र दिवेलागणीनंतर देवघरात असायच्या आणि जेवून लवकर आडव्या व्हायच्या. त्यांनी मला कधी विझताना पाहिलंच नाही.

अशात लीलेचा श्वास वाढला. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. घरात नुसती धांदल. निघताना ती टाकीपाशी उभी राहिली, काचेला तळवा लावला. मला वाटलं, हिचा पाय निघू नये.

"माई, आबोलेक बघशात मां? तिका उजेड कमी पडाक देव नकात."

"तू निवांत जा गो. तू येयसर तिचो दिवो विझाचो नाय," माई म्हणाल्या.

मित्रांनो, तिथंच घात झाला. नवरात्रात घटापुढचा नंदादीप जपणारी ती बाई. दिवा विझला तर अपशकुन, हे तिच्या रक्तात. सून परत येईपर्यंत दिवा विझायचा नाही म्हणून त्यांनी मला अखंड तेवत ठेवलं. रात्रीसुद्धा. वीज गेली की टाकीजवळ कंदील आणून ठेवायच्या आणि वात खालीवर करत बसायच्या. मी ओरडून सांगत होते, अहो माई, मला विझवा, तिला झोपू द्या! पण माझ्याकडे उजेडाशिवाय दुसरी बोली कुठे होती?

काचेवर हिरवं शेवाळ धरलं. आबोली आक्रसत गेली, सुपारीएवढी झाली, पांढरी पडली. माई घाबरल्या. मागे एकदा ती फिकी पडली होती आणि उजेडानं बरी झाली होती, हे त्यांना आठवत होतं. त्यांनी बाबलीला बोलावून माझ्या शेजारी दुसरी ट्यूब लावून घेतली. दोघींच्या उजेडात घर कसं लख्ख दिसत होतं! येणारे जाणारे म्हणायचे, सासू असावी तर अशी. आणि माझ्या डोळ्यांदेखत आबोली खडकावरून सुटली, तळाशी गेली. तरी माई टाकीपुढे जप करत होत्या. माझी काच तडकली असती तर बरं झालं असतं.

गुरुदास एसटीनं परत आला तो एकटाच. लीला ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती.

माईंनी हंबरडा फोडला. मग त्याचा हात धरून त्याला टाकीपाशी ओढत आणलं. "बघ रे बाबा, मी दिवो एकदाय विझूक देवक नाय. रात्रीचोसुद्धा नाय. तरी फूल सुकलां, आणि आमचां पोर गेलां. माझां खंय चुकलां रे?"

गुरुदासनं टाकीकडे पाहिलं, आम्हा दोघींकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. ओठ हलले. मला वाटलं, आता हा बोलणार आणि ही म्हातारी जागच्या जागी मरणार.

"तुझां कायएक चुकूक नाय, माई," तो म्हणाला. "तिचां आयुष्यच तितकां होतां."

आणि त्यानं बटण बंद केलं. माई दचकून पुढे झाल्या, तर त्यानं त्यांना छातीशी धरलं आणि तोही लहान मुलासारखा रडला.

पुढे आम्हाला खाली उतरवलं. टाकी कुणीतरी मागून नेली. माई अजून शेजारणींना सांगतात, सुनेचा दिवा मी एक क्षण विझू दिला नाही. गुरुदास शेजारी बसून मान हलवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी झाड असेल, पाखरू असेल, मासा असेल, तर त्याला जीव लावाच. पण त्याला काय लागतं आणि काय सोसत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. हे काय सांगायचं, असं म्हणू नका. त्या सकाळी गुरुदास सामान बांधत होता, लीला धापा टाकत होती, गाडीची वेळ झाली होती, आणि रात्री दिवा बंद करा, एवढंच सांगायचं राहून गेलं.