गैरवर्तनाविना शंभर दिवस

रोज सकाळी सव्वासातला कुसुमताई स्टुलावर चढायच्या आणि पाटीवरचा आकडा बदलायच्या. हिरव्या पाटीवर वर लिहिलेलं, 'या शिबिरात गैरवर्तनाविना गेलेले दिवस', आणि खाली तीन खिळे. खिळ्यांना पत्र्याचे आकडे अडकवायचे. काम एवढंसंच, पण शिबिरप्रमुख दौलतराव ते स्वतः समोर उभे राहून करून घ्यायचे आणि आकडा सरळ लागलाय का हे एक डोळा मिटून बघायचे.

दौलतरावांनी महाळुंग्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर घरात करमेना, तेव्हा ते एका मदत संस्थेत लागले. नदीचं पाणी काळेवाडीच्या काठच्या वस्तीत शिरलं आणि साठ कुटुंबं संस्थेनं पिंपरीतल्या एका बंद वर्कशॉपच्या शेडमध्ये आणून ठेवली. मशिनी केव्हाच विकल्या गेल्या होत्या, पण जमिनीवरचे पिवळे पट्टे आणि मशिनींची नावं तशीच होती. एकेका चौकोनात एकेक संसार बसला. लोक पत्ताही तसाच सांगायला लागले. रुक्मिणीबाई राहायच्या 'लेथ एक'मध्ये. स्वरूपा आणि तिची चार वर्षांची मुलगी 'ड्रिल मशीन तीन'मध्ये. कुसुमताई शिबिराचा स्वयंपाक बघायच्या. पूर्वी त्या त्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होत्या, त्यामुळे दौलतरावांना त्या चांगल्याच ओळखून होत्या.

परदेशातून मदत देणाऱ्यांनी एक अट घातली होती. मदतीच्या बदल्यात कुठल्याही बाईकडे कसलीही मागणी होता कामा नये आणि झालीच तर तक्रारीची सोय हवी. दौलतरावांनी ते वाचलं आणि त्यांचा जीव हरखला. त्यांना वाटलं, ही तर आपलीच सेफ्टी, फक्त मशिनीच्या जागी माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी रंगवून आणली.

शहाण्णवाव्या दिवशी तांदूळ निवडताना स्वरूपानं कुसुमताईंना सांगितलं ते असं. एकशेएकाव्या दिवशी शेड रिकामी करायची होती. संस्था सगळ्यांना वर्षभरासाठी चाळीतल्या खोल्या देणार होती आणि खोलीच्या चिठ्ठीवर सही करायची गणराजनं. गणराज संस्थेचा फील्डचा माणूस, तीस-बत्तीसचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा. सगळ्यांच्या चिठ्ठ्या झाल्या, स्वरूपाचीच अडली. तपासणी बाकी आहे म्हणे. तपासणीला संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या त्याच्या फ्लॅटवर यायचं, एकटीनं. हे तो तीनदा बोलला होता आणि तिसऱ्यांदा त्यानं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

"मावशी, माझं नाव कुठं येऊ देऊ नका," स्वरूपा म्हणाली. "लेकीला घेऊन रस्त्यावर जायचं नाहीये मला. पण चिठ्ठी अशी नकोय."

कुसुमताई तडक दौलतरावांकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कुणी केलं असा नाही, कितव्या दिवशी केलं असा. मग त्यांनी कपाटातून तक्रारीचा फॉर्म काढला. सतरा रकाने होते. नाव, आधार क्रमांक, पासपोर्ट साइजचे दोन फोटो, दोन साक्षीदार, आणि शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याची सही. तो अधिकारी गणराज होता. तीन दिवसांचं प्रशिक्षण त्याच्याशिवाय कुणाचं झालेलंच नव्हतं, आणि त्याचं प्रमाणपत्र त्याच्या टेबलामागे काचेत लावलेलं होतं.

कुसुमताईंनी विचारलं, असं कसं चालेल. दौलतरावांनी फॉर्म पुन्हा वरपासून वाचला. मग त्यांना वाट सापडली. प्रत्यक्ष काही घडलं आहे का? मनगट धरलं, एवढंच ना? मग ही घटना नव्हेच. कंपनीच्या भाषेत ही 'निअर मिस', म्हणजे थोडक्यात टळलेली. तिच्यामुळे आकडा उतरत नाही. मात्र मूळ कारण शोधलंच पाहिजे, असं त्यांनी बजावलं आणि दुपारी मीटिंग लावली.

मीटिंगला तिघं होती. दौलतराव, कुसुमताई आणि अधिकारी या नात्यानं गणराज. इतिवृत्त त्यानंच लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात. कंपनीत 'व्हाय-व्हाय' म्हणून एक रीत असते. पाच वेळा 'का' विचारायचं, की पाचव्याला कारण हाती लागतं. एका महिलेला एका कर्मचाऱ्यानं घरी का बोलावलं? चिठ्ठीवर सही बाकी होती. सही का बाकी होती? तपासणी झाली नव्हती. तपासणी का झाली नव्हती? महिला घरी आली नाही. का आली नाही? तिला भीती वाटली. भीती का वाटली? तिचं प्रशिक्षण झालेलं नाही.

मूळ कारण सापडलं. दौलतरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा मागवला. गणराजनं पेन खिशाला लावताना कुसुमताईंकडे बघून मान हलवली. न लिहिलेलं नाव कुणाचं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी दौलतरावांच्या मनाला काहीतरी टोचत असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाययोजना केली. गणराजच्या टेबलाभोवती चार फुटांवर पिवळा पट्टा मारला आणि महिलांनी पट्ट्याच्या आत येऊ नये अशी सूचना लावली. गणराजला लांबून दिसेल असं चमकणारं जाकीट दिलं. आणि माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी मागे येताना वाजतो तसला एक भोंगा आणून त्याच्या कमरेला बांधला. तो चालायला लागला की भोंगा वाजायचा. गणराजनं हसत हसत सगळं अंगावर चढवलं. दोन दिवस शेडमधल्या बायका भोंगा ऐकला की लेकरं उचलून बाजूला व्हायच्या आणि दौलतराव वहीत लिहायचे, 'उपाय परिणामकारक.'

कुसुमताईंचं डोकं मात्र तापलं होतं. तो येतोय हे सगळ्या शेडला कळण्याची सोय झाली होती, त्याला थांबवायची सोय कुणी केली नव्हती. भाकरी थापताना त्यांना राहून राहून साहेबराव आठवायचा. कंपनीत अपघाताविना पाचशे दिवस झाले म्हणून लाडू वाटले होते. साहेबराव पत्रा दाबायच्या प्रेसवरचा. तीनशे चाळिसाव्या दिवशी त्याची उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली होती, पण कागदावर त्या दिवशी तो रजेवर होता. तो कागद दौलतरावांनीच केलेला. रांगेतून पुढं येऊन साहेबरावनं डावा हात पसरला आणि कुसुमताईंनी त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले. एक जास्तीचा लाडू देऊन आपण गप्प बसलो, याची त्यांना इतक्या वर्षांनी लाज वाटली.

नव्व्याण्णवाव्या दिवशी संध्याकाळी सहाला भोंगा वाजत वाजत 'ड्रिल मशीन तीन'पाशी आला, तिथं थोडा वेळ गप्प राहिला आणि वाजत परत गेला. स्वरूपा मुलीचा हात धरून स्वयंपाकाकडे आली. तिनं केस विंचरले होते.

"हिला बघता का तासभर?" ती म्हणाली. "जाऊन येते. उद्या यादी बंद होणारय."

कुसुमताईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. "कुठं जायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपतूर थांब. तुजं नाव न घेता करते मी काय ते." स्वरूपा तिथंच चुलीपाशी बसली आणि रडली. मुलीनं दोन चपात्या खाल्ल्या.

शंभराव्या दिवशी मांडव घातला गेला. शंभराचा आकडा काढलेला केक आला. मदत देणाऱ्यांच्या कचेरीतून विजयश्री मॅडम यायच्या होत्या. त्यांच्या हस्ते पाटीचं अनावरण करायचं म्हणून तिच्यावर लाल पडदा लावला होता. दौलतराव गेटवर गाडीची वाट बघत होते, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा आकडा त्यांच्या नजरेआड लागला.

मॅडमनी दोरी ओढली. लोकांनी सरावानं टाळ्या वाजवल्या आणि पडदा पुरता सरकला तरी वाजवतच राहिले, कारण थांबायचं कधी हे कुणाला कळेना. मधल्या खिळ्यावर एकच शून्य लटकत होतं.

दौलतराव घाईनं म्हणाले, वाऱ्यानं आकडे पडलेत. वारा अजिबात नव्हता. त्यांनी कुसुमताईंना आकडा नीट लावायला सांगितलं.

"साहेब, न्हाई लावता यायचा," कुसुमताई जागच्या न हलता म्हणाल्या. "तुमचाच नियम हाय. शून्य लागलं की चौकशी झाल्याबिगर आकडा चढत न्हाई."

नियम पाटीखाली दौलतरावांच्याच अक्षरात चिकटवलेला होता. ते पुढं झाले, चष्मा लावून त्यांनी तो वाचला, आणि तिथंच उभे राहिले. आकडा खोटा ठरला तरी चालवून घेणारा हा माणूस, पण स्वतः लिहिलेला नियम मोडायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

मॅडमनी विचारलं, कुणाच्या बाबतीत काय झालं.

"बाईचं नाव मी सांगणार न्हाई," कुसुमताई म्हणाल्या. "फॉर्मला नाव लागतं, फोटू लागतो. पाटीला लागत न्हाई, म्हणून पाटीवर लावलं. माणूस कोन ते मात्र सांगते. त्याच्या कमरंला भोंगा बांधलाय."

सगळी शेड वळून बघायला लागली. गणराज दाराकडे निघाला होता, पण निघाल्याबरोबर भोंगा वाजायला लागला. तो थांबला. भोंगा थांबला. पुन्हा एक पाऊल टाकलं, पुन्हा वाजला.

मॅडमनी त्याच्याकडून चिठ्ठ्या, किल्ल्या आणि ओळखपत्र काढून घेतलं, त्याला तिथल्या तिथं कामावरून उतरवलं, आणि चौकशी पुरी होईपर्यंत शेड रिकामी करायची नाही असं सांगितलं. मग कोपऱ्यात पडदा लावून, ज्यांना बोलायचं आहे त्यांनी एकेकटीनं यावं म्हणाल्या. मग 'लेथ एक'मधून रुक्मिणीबाई उठल्या.

"आता शून्यच हाय, तर माजंबी घ्या," त्या म्हणाल्या. "इतके दिस वाटायचं, आपल्यापायी सगळ्यांचा आकडा कशाला खराब करा."

त्यांच्यामागे अजून चौघी उभ्या राहिल्या. स्वरूपा त्यांच्यात सगळ्यात शेवटी होती आणि पाटीवरचं शून्य नेमकं कुणासाठी लागलं हे रांगेत कुणालाच ओळखू आलं नाही. दुपारी बाराला मॅडमच्या सहीची चिठ्ठी तिच्या हातात होती. केक पोरांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला कुसुमताई स्टूल घेऊन आल्या तेव्हा दौलतराव आधीच पाटीसमोर उभे होते. दाढी केलेली नव्हती. त्यांच्या हातात पत्र्याचा एकचा आकडा होता. तो त्यांनी पुढं केला नाही.

"कुसुमताई," ते म्हणाले, "साहेबरावनं त्या दिवशी लाडू घेतला होता का हो?"

"घेतला," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं."

दौलतरावांनी एकचा आकडा खिशात घातला. कुसुमताई स्टुलावर चढल्या, पदरानं शून्यावरची धूळ पुसली आणि ते होतं तसंच ठेवून खाली उतरल्या.