अमरनं ‘नो’ लिहिलं

तुमसरजवळच्या राइस मिलमध्ये नवी मशीन बसली, तेव्हा ती चालू करून द्यायला कोइम्बतूरहून एक इंजिनिअर आला. त्याला हिंदी येत नव्हती आणि सुपरवायझर अमरला इंग्रजी जेमतेम. शेजारच्या जुन्या मशीनच्या आवाजात हाकही ऐकू जात नसे, म्हणून दोघं फोनवर लिहून बोलत. ओके, येस, नो, वेट. आठवडाभर एवढ्यावर निभावलं.

शनिवारी दुपारी नव्या मशीनमध्ये धान वर चढेना. बादल्यांचा पट्टा ज्या खड्ड्यातून धान उचलतो, तो खड्डा तुंबला होता. पट्टा बंद केला आणि टिकाराम आत उतरला. वीस वर्षं हे काम त्याचंच. घमेली भरून वर देता देता तो पट्ट्याखाली वाकला आणि त्याचं डोकं दिसेनासं झालं. काठावर उभ्या अमरला उगीचच चैन पडेना. त्यानं वर पाहिलं. पॅनलच्या खोलीत काचेमागे इंजिनिअर पाठमोरा बसला होता. तिथून हा खड्डा दिसत नाही, हे अमरला ठाऊक होतं.

फोन थरथरला. ‘डू यू माइंड इफ आय स्टार्ट?’

‘स्टार्ट’ तेवढं त्याला कळलं. चालू करू का, म्हणतोय. घाईघाईनं अमरनं लिहिलं, ‘नो’. इंजिनिअरनं वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. अमरनं सुस्कारा सोडून फोन खिशात ठेवला.

पट्टा हलला.

अमर ओरडत पॅनलच्या खोलीच्या जिन्याकडे धावला. मशीन थांबायला अर्धं मिनिट लागलं असेल. टिकारामला नागपूरला नेत होते, मौद्याच्या अलीकडेच त्यानं जीव सोडला.

चौकशीला पोलीस आले, तेव्हा मेसेज वाचून दाखवायचं काम ऑफिसातल्या प्रतीक्षावर आलं. तिनं तो दोनदा वाचला.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “चालू केली तर तुमची हरकत आहे का, असं विचारलं त्यानं. तुम्ही लिहिलं, नाही.”

थांबवायचं होतं तर ‘येस’ लिहायला हवं होतं, हे तिनं नंतर सांगितलं. अमरनं ते तिच्याकडून तीनदा समजून घेतलं.

तेरवीनंतर टिकारामच्या बायकोनं, कुंताबाईनं, त्याला घरी बोलावलं.

“सारेच सांगून राहिले, का तू नाही मनलं होतं. मंग मशीन चालू काहून झाली?”

अमरनं तिला सगळं सांगितलं. तो प्रश्न, त्याचा अर्थ, आपलं उत्तर. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“जिना त समोरच होता, बापू,” ती म्हणाली. “तू वर काहून नाही गेला?”