पहिली चीर

मित्रांनो, इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावी, जोतीरामच्या घरात, चुलीच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून मी उभी असते. मी विळी आहे, जुनी. माझे पाते घासून घासून अरुंद झाले आहे आणि पाटाला एका कडेने तडा गेला आहे. तरी मला अजून रोज काम आहे. मध्ये एकदा ते सुटले होते. ते कसे सुटले आणि परत कसे मिळाले, ते तुम्हांला सांगते.

माझा जन्म लोणी भापकरचा. आबाजी लोहाराच्या अंगणात बैलगाडीच्या चाकाची तुटकी धाव पडली होती. धाव म्हणजे चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी. तिचा तुकडा तापवून, ठोकून, पाण्यात घालून त्याने मला घडवले. सुताराने मला बाभळीच्या पाटात बसवले. गावातल्या शकुबाईचे लग्न ठरले होते. तिच्या आईने मला लेकीसाठी करून घेतले होते. पन्नास साली शकुबाईबरोबर मी गाडीतून वरकुट्याला आले. वाटेत खडकाळ उतारावर मी भांड्यांवर आपटू नये म्हणून तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतले होते.

जोतीराम माळवे करायचा, म्हणजे भाजीपाला. कालव्याचे पाणी होते. भवानीनगरला साखर कारखाना उभा राहिल्यावर आजूबाजूचे लोक उसाकडे वळले, तरी त्याने माळवे सोडले नाही. चांगला माल बारामतीच्या बाजारात जायचा आणि वाकडा-तिकडा घरी यायचा. सगळ्याच माळवेवाल्यांच्या घरी असे असते. शकुबाईने मात्र दोनेक वर्षांतच एक रीत पाडली. बाजाराची पाटी, म्हणजे टोपली, भरायच्या आधी ती चांगल्या मालातून एक मूठ काढून घ्यायची.

"बाजाराची भरती हाय ती," जोतीराम म्हणायचा.

"बाजाराला काय आपली रतन हाय का?" ती म्हणायची. रतन ही त्यांची मुलगी. ती तेव्हा रांगत होती.

मित्रांनो, मला बारा महिने काम असते, पण माझे आवडते दिवस अश्विन-कार्तिकातले. पाऊस मागे गेलेला असतो, बाजरी काढलेली असते, आणि चुलीपुढे रोज काहीतरी नवे येते. कोवळा घेवडा यायचा. तो चिरताना ओल्या मातीचा वास येई. दोडका यायचा. शकुबाई त्याच्या शिरा फेकत नसे, तिळाबरोबर परतून चटणी करी. मुळा आला की त्याचा पाला आधी, मुळा नंतर. हादग्याची फुले यायची. त्यांच्या पोटातला दांडा कडू असतो, तो बोटाने काढून मग ती फुले माझ्यावर धरायची. तेल जरासेच. शेंगदाण्याचे कूट, मिरची, मीठ आणि वर झाकण. भाजी फार शिजवायची नाही. खाणाऱ्याला कळले पाहिजे की आपण काय खातो, असे तिचे म्हणणे होते.

आणि भोपळा. लाल भोपळा. त्याची गोष्ट निराळी आहे.

आमच्याकडे अख्खा भोपळा बाई कापत नाही. पहिली चीर गड्याने, म्हणजे पुरुषाने, घालायची, मग पुढचे बाईने करायचे. का, ते मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. भोपळा काढला की शकुबाई दारातून हाक मारायची. जोतीराम कालव्याच्या पाण्याची पाळी सोडून यायचा, ओल्या हातांनीच. तो खाली बसायचा नाही. गडी विळीवर बसत नसतो. एक पाय पाटावर ठेवून, वाकून, तो भोपळा माझ्यावर दाबायचा. चार बोटे चीर पडली की उचलून तिच्या हातात द्यायचा.

"घे. झालं माझं काम."

"लई दमला आसाल," ती म्हणायची. "वाईच पडा आता."

तो हसत परत जायचा. वर्षातून असे पाच-सहा वेळा व्हायचे. माझी त्याची ओळख तेवढीच होती.

सत्तावन्न सालच्या ज्येष्ठात शकुबाईने उकिरड्याच्या कडेला भोपळ्याच्या बिया टोचल्या. श्रावणात तिला ताप आला. गाडी जुंपून तिला बारामतीला नेले. चौथ्या दिवशी गाडी परत आली. त्यात ती नव्हती.

मला कोणी काही सांगितले नाही. विळीला कोण सांगणार? पण चुलीपुढे बांगड्या वाजल्या नाहीत, तेव्हा मला कळले.

त्यानंतर मी कोपऱ्यातच राहिले. कोणीतरी मला पालथी घालून वर रिकामी पाटी ठेवली. पावसाळी ओल होती. पाते तांबडे झाले. जोतीराम चांगले, वाकडे, सगळेच माळवे बाजारात पाठवी. मूठ काढणारे कोणी नव्हते. शेजारची म्हातारी कुशाबाई भाकरी थापून देई. तो पिठले करी नाहीतर मिरची कुटे. सकाळी पिठले, संध्याकाळी पिठले. रतन सहा वर्षांची होती. ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. तिच्या ओठांचे कोपरे फाटले. रानात माळव्याची रास पडलेली आणि माळवेवाल्याची पोर वाळत चाललेली, हे मी पाटीखालून ऐकत होते.

भाद्रपदात शकुबाईचा भाऊ मोहनराव लोणीहून आला. त्याने रतनला उजेडात नेऊन तिचे तोंड पाहिले. मग तो आत येऊन बसला.

"दाजी, राग धरू नका. पोरगी वाळलीया."

जोतीराम चुलीतली लाकडे पुढे सारू लागला.

"मी भाऊबीजेला येतो. तवर अंग धरलं तर ठीक. न्हायतर तिला घिऊन जातो. मामी हाय, पोरं हायती. गड्याच्या हातनं पोरगी जगत न्हाय."

"व्हय," जोतीराम म्हणाला.

मोहनराव गेल्यावर तो बराच वेळ चुलीकडे बघत राहिला. घरात आता दोघेच होती. भाऊबीजेनंतर एकटाच राहणार होता.

तिकडे उकिरड्याचा वेल कोणी पाणी न घालता गोठ्यावर चढला होता. अश्विनात त्यावरचा पहिला भोपळा पिकला, देठ वाळला. रतनने तो पोटाशी धरून घरात आणला. मग तिने कोपऱ्यातली पाटी बाजूला केली आणि मला दोन्ही हातांनी ओढत जोतीरामपुढे ठेवले.

"अप्पा, चीर घाला."

तो उठला. सवयीने पाय पाटावर ठेवला, वाकला, भोपळा दाबला. मी बोथट झाले होते, तरी सगळा जोर लावला. चार बोटे चीर पडली. त्याने भोपळा उचलला आणि डावीकडे धरला. शकुबाई नेहमी डावीकडे उभी राहायची.

हात तसाच राहिला. रतन एकदा हाताकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग त्याने भोपळा हळूच खाली ठेवला आणि तो रानात निघून गेला.

भोपळा तिथेच राहिला. चिरेवर पाण्याचे थेंब जमले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाई भाकरी घेऊन आली, तिने ते पाहिले.

"आरं जोत्या, ह्यो चिरून ठेवलाय कुणासाठी? चीर पडलेला भोपळा ऱ्हात न्हाय. उद्या नासंल."

"तुमीच करा काकी."

"मला चुलीपुढं बसवंना. गुडघं धरल्यात. तू कर."

"गड्यानं इळीवर बसायचं?"

"नगं बसू," म्हातारी म्हणाली. "पोरगी लोणीला धाड, आन् हितं बस गडी म्हनून."

ती भाकरी ठेवून उंबऱ्यावर टेकली. जायला निघाली नाही.

जोतीराम माझ्यासमोर उभा राहिला. मग खाली बसला. त्याला बसता येत नव्हते. गुडघे कानाला लागले होते आणि पाय पाटाच्या भलत्याच बाजूला होता. पहिल्याच फोडीला मी निसटले आणि त्याचे बोट कापले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. पण दोष गंजाचा होता. धारदार विळी हाताला धोका देत नाही, बोथट देते.

त्याने बोटावर हळद दाबली आणि माझ्या पात्याकडे पाहिले. बहुतेक पहिल्यांदाच पाहिले असेल. मला उचलून तो बाहेर घेऊन गेला. राख आणि विटेच्या तुकड्याने त्याने मला घासले, दगडावर धार लावली, कोरड्या फडक्याने पुसले आणि तेलाचे बोट फिरवले. मग पुन्हा येऊन बसला.

"साल काढू का?"

"आई काढत न्हवती," रतन म्हणाली.

"सालीसकट कर. पानी घालू नगंस, त्याला सोताचं पानी हाय," कुशाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. त्याने घातलेच. भोपळ्याचा गोळा झाला. मीठ विसरले होते, ते वरून घेतले. रतनने एक घास खाल्ला आणि बराच वेळ चघळला.

"आईसारखी न्हाय," ती म्हणाली. जोतीरामने मान खाली घातली. "पर उद्या परत करा."

तिने त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली.

पुढे मला उसंत मिळाली नाही. बाजाराची पाटी भरण्याआधी जोतीराम मूठ काढू लागला. घेवडा आला, मुळ्याचा पाला आला. खुरपताना त्याने तांदुळजा तण म्हणून बांधावर फेकला, तर रतन तो ओच्यात भरून घेऊन आली आणि बापाला म्हणाली, "ह्ये टाकायचं न्हाय." हादग्याच्या फुलांचे दांडे काढायचे तो विसरला आणि भाजी कडू झाली. दोघांनी तोंडे वाकडी केली आणि मग दोघेही हसली. त्या घरात ते हसू पुष्कळ दिवसांनी ऐकू आले.

गावात बोलणे झालेच. विहिरीवर रावजी नावाच्या माणसाने सर्वांदेखत विचारले, "जोतीराम, लुगडं कवा घेतूस?"

"तुझ्या घरी भोपळा आसंल तर आण," जोतीराम म्हणाला. "चिरून दीन."

भाऊबीज आली. भावाने बहिणीच्या घरी यायचा दिवस. मोहनराव आला, पण दारात ओवाळायला बहीण नव्हती. तो चपला काढून बराच वेळ बाहेरच उभा राहिला. मग आत आला आणि थबकला. जोतीराम माझ्यावर बसून गवार चिरत होता. आता त्याचा पाय बरोबर जागी होता.

"दाजी, उठा. ह्ये काय मांडलंय?"

"बसा मोहनराव. बरं झालं आलात. अडून बसलो होतो." जोतीरामने वेलावरचा शेवटचा भोपळा पुढे केला. "पहिली चीर तुमी घाला."

"मी? आन् तुमी?"

"मला घालता येत न्हाय आता," जोतीराम म्हणाला. "जो चुलीपुढं बसतो, त्यानं घालायची न्हाय. शकूनं कधी घातली न्हाय."

मोहनराव पुढे आला. त्याने पाय पाटावर ठेवला आणि वाकून भोपळा दाबला. त्याचे डोळे भरले होते. मी सांभाळून चिरले. चार बोटे झाल्यावर त्याने भोपळा उचलला आणि डावीकडे धरला. जोतीरामने तो घेतला.

"घ्या दाजी," मोहनराव म्हणाला. "झालं माझं काम."

जेवताना मोहनराव रतनकडेच बघत होता. ओठ बरे झाले होते, गाल भरले होते. दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडून ती म्हणाली, "मामा, मी तुमच्यासंगं आले तर अप्पाला मीठ कोन सांगंल?"

"व्हय, त्ये बी खरंच हाय," मामा म्हणाला.

रतनने मामाला ओवाळले. संध्याकाळी त्याची गाडी लोणीला गेली, त्यात उरलेला अर्धा भोपळा होता. रतन दारात उभी होती.

त्याला आता दोन वर्षे झाली. त्या भोपळ्याच्या बिया रतनने राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. दर ज्येष्ठात उकिरड्याच्या कडेला त्या टोचल्या जातात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कोणी कोपऱ्यात असेल. तिला ओली ठेवू नका, काम झाल्यावर पुसा. रानात ज्या दिवसांत जे येते, ते त्या दिवसांत खा. सगळे बाजाराला देऊ नका, आधी एक मूठ घरची काढा. आणि तुमच्यासाठी जो चिरतो आणि शिजवतो, त्याच्याजवळ तो असेपर्यंत थोडा वेळ बसा. जोतीराम पूर्वी वर्षातून पाच-सहा वेळा वाकायचा आणि निघून जायचा. आता तो रोज बसतो.

आजही अश्विनातला पहिला भोपळा घरात आला आहे. जोतीराम तो घेऊन दारात उभा आहे आणि वाटेने जाणाऱ्या रावजीला हाक मारतो आहे, "आरं रावजी, ये की वाईच. चीर घालून जा."

रतनने मला मध्ये आणून ठेवले आहे. मी कोरडी आहे आणि मला धार आहे.