मोगऱ्याचं पाणी

अनघाने दप्तर ओट्यावर टाकलं, खांद्यावरची बाटली काढली, टोपण फिरवलं आणि सगळं पाणी कुंपणालगतच्या मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतायला सुरुवात केली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. ती रिकामी होईपर्यंत पोरगी या पायावरून त्या पायावर होत राहिली आणि शेवटची धार तुटताच, बूटही न काढता, घरात पळाली.

कुंपणाच्या अलीकडे, शेजारच्या अंगणात, सुचित्रा वाळत घातलेल्या कुरड्या उचलत होती. तिचा हात तसाच राहिला.

सुचित्राला चौकशा फार, असं तिचा नवरा नीळकंठ म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. समोरच्यांकडे भरदुपारी रिक्षा कुणाची थांबली, भाजीवालीच्या पायाला पट्टी कशाची, हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. आणि इथे तर मार्च संपत आलेला, दिग्रसचं ऊन टाळू भाजून काढतंय, आणि दिवसभर वर्गात बसून आलेल्या नववीतल्या पोरीची बाटली भरलेलीच. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पाळत ठेवली. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने अनघाला कुंपणावरूनच गाठलं.

"काहून वं अनघा, तहान नाही लागत का तुले?"

"शाळेत नाही लागत, काकू."

"मंग भरून कायले नेतं?"

"बाटली नसली तं फाटकातून आत नाही घेत."

एवढं बोलून ती पळाली. मोगरा मात्र त्या वर्षी असा फुलला होता की येणारे-जाणारे थांबून खत कोणतं घालता म्हणून विचारत.

अनघाच्या शाळेला लांबलचक नाव होतं, पण गावात तिला सगळे फाटकाची शाळा म्हणत. फाटक खरोखरच पाहण्यासारखं होतं, उंच, काळं, सदा बंद. मुलींची शाळा, खासगी, आणि निकाल असा की यवतमाळच्या कॉलेजातली माणसंही नाव काढत. बाकीच्या शाळा उन्हाळ्यात सकाळच्या व्हायच्या, ही दिवसभर चालायची. लोकांना त्याचंही कौतुक होतं. कारभाराबद्दल मात्र कुणी धड बोलत नसे. शिक्षिका टिकत नाहीत, आईबापांना आत घेत नाहीत, सचिवबाईंच्या परवानगीशिवाय तिथे पान हलत नाही, एवढंच कानावर यायचं. "शिस्त आहे" म्हणून बोलणारा विषय संपवायचा.

सुचित्राची गौरी चौथीत होती, नगरपरिषदेच्या शाळेत. जूनपासून तिला फाटकाच्या शाळेत घालायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. नीळकंठचा आग्रह निकालासाठी होता. तो सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारा. त्या वर्षी केंद्र उशिरा उघडलं, कापसाच्या गाड्या व्यापाऱ्यांच्या दारात वळल्या, आणि मोकळ्या आवारात बसून बसून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की आपल्या पोरीचं भलं कापसाच्या भरवशावर सोडायचं नाही. सुचित्राचं कारण साधं होतं. नगरपरिषदेच्या शाळेत मुलींच्या संडासाला कडी नव्हती. एक पोरगी आत जायची, दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. सुचित्राही लहानपणी अशीच मैत्रिणीसाठी दार धरून पाढे म्हणायची. आपल्या पोरीवर तरी ही वेळ नको, असं तिला मनापासून वाटे.

पण आता ती बाटली तिच्या डोक्यातून जाईना.

शाळा पाहायला दोघं गेले तेव्हा पोरीला आणायचं नाही असा निरोप होता. फाटकापाशी पहारेकऱ्याने थांबवलं. मॅडम राउंडवर आहेत, म्हणाला. आतल्या बाजूला कडुनिंबाची गर्द सावली होती, बाक होता. दोघं फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. पदराने कपाळ पुसून पुसून सुचित्राचा पदर ओला झाला.

शेवटी सचिवबाई आल्या. कडक इस्त्रीचं सुती पातळ, हातात चाव्यांचा जुडगा, आवाज मऊ. प्रयोगशाळा दाखवली, वाचनालय दाखवलं, गुणवंत मुलींच्या फोटोंची भिंत दाखवली. वर्गावर्गातून मुली खाली माना घालून लिहीत होत्या. प्रत्येक बाकाखाली एक बाटली, भरलेली. नीळकंठ फोटोंसमोर बराच वेळ उभा राहिला. गौरीचा चेहरा कुठे शोभेल हेच तो पाहत असावा.

"आणि हे पाहा," व्हरांड्याच्या टोकाचं कुलूप काढत सचिवबाई म्हणाल्या. "पालकांना आम्ही आवर्जून दाखवतो. मुलींच्या शाळेत हे आधी पाहावं."

पांढऱ्या फरशा, चकचकीत नळ, प्रत्येक दाराला भक्कम कडी. सुचित्राला क्षणभर हेवा वाटला. मग ती दोन पावलं आत गेली. फरशी कोरडी ठणठणीत होती. बादल्या पालथ्या घातलेल्या, त्यांच्या बुडांवर धूळ. बेसिनवर साबणाची वडी होती. तिच्यावरची अक्षरं अजून जशीच्या तशी उठून दिसत होती.

"मुली कधी येतात इथं?" तिने विचारलं.

"लागेल तेव्हा. वर्गशिक्षिकेला सांगायचं, त्यांची चिठ्ठी घेऊन ऑफिसात यायचं, चावी मिळते. पाण्याचं तुम्ही जाणताच. शिवाय घाण झालेली आम्हाला चालत नाही."

"आणि येतात मागायले?"

सचिवबाई हसल्या. त्या हसण्यात अभिमान होता, आणि तो खरा होता. "आमच्या मुली फार समंजस आहेत हो. मागतच नाहीत."

कुलूप पुन्हा लागलं.

स्कूटरवरून दोघं परत निघाले. बसस्टँडपाशी पुसदची गाडी वळत होती म्हणून नीळकंठ थांबला, तेव्हा सुचित्राने तोंड उघडलं.

"साबण पाह्यला का तुम्ही?"

"पाह्यला. पाणी सगळ्या गावात कमी आहे सुचित्रा. अन् निकाल काय आहे, तेही पाह्य ना तू."

"गाडी आली की वरचा कापूस पाहत नाही तुम्ही. कोपरापर्यंत हात घालता आत, मुठीनं ओढून काढता, मंग बोलता. इथं मात्र वरूनच पाहून राह्यले."

त्याला ते लागलं. वर पांढराशुभ्र आणि आत ओला, डागाळलेला कापूस त्याने जन्मभर हुडकून काढला होता.

"गौरीले समजावून सांगू," तो म्हणाला. "लाजायचं नाही, चावी मागायची."

"आपण तरी सावलीत बसू द्या म्हणून मागतलं का तिथं?"

पुसदची गाडी वळून गेली होती. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला तेव्हा कुठे नीळकंठने स्कूटर पुढे काढली.

वाटेत दळण घेऊन घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. स्कूटरचा आवाज ऐकून गौरी धावत दारात आली.

"झाली का ॲडमिशन?"

तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सुचित्राने तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ती दळण ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि माठापाशी थबकली. सकाळी घासून माठावर पालथा घातलेला गौरीचा पेला तसाच होता. आतून कोरडा.

"गौरी, पाणी नाही पेली तू?"

पोरगी ओशाळली, पण तिच्या डोळ्यांतला आनंद काही लपेना. बक्षीस घेऊन आल्यावर ती अशीच उभी राहायची.

"सकाळपासून नाही पेली. अनघाताईनं सांगतलं, आधीपासून सवय केली की मंग त्रास नाही होत. काल तं दुपारीच पेऊन टाकलं होतं मी. आज जमलं मले." मग ती दारात उभ्या असलेल्या बापाकडे वळली. "मी नाही मागणार चावी, बाबा. घेतील ना मंग मले?"

सुचित्राने नीळकंठकडे पाहिलं. तो पायातल्या चपला न काढताच आत आला. दांडीचं ओगराळं खुंटीला लटकत होतं, पण त्याने ते घेतलंच नाही. पेला उचलला, बाही सारली आणि हात कोपरापर्यंत माठात घातला. एरवी सुचित्राने घर डोक्यावर घेतलं असतं.

"पे," तो म्हणाला.

"पण बाबा..."

"पे म्हटलं ना."

गौरी गटागटा प्यायली. अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं.

"अजून?"

तिने मान डोलावली. नीळकंठ पुन्हा माठाकडे वळला आणि पाठमोराच म्हणाला,

"तुह्या शाळेतल्या त्या दाराले कडी नाही म्हणत होती ना तू?"

"नाही जी. सुमीले उभी करते मी दार धरून."

"उद्या येतो मी. लावून देतो."

गौरीने दोन्ही हात पुढे केले आणि दुसरा पेला घेतला. कुंपणापलीकडे दप्तर ओट्यावर आपटल्याचा आवाज आला, मग टोपण फिरल्याचा, आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी पाणी पडायला लागलं. तिघंही ते संपेपर्यंत ऐकत उभे राहिले.